छातीचा खालचा भाग मागे पडला असेल, तर व्यायाम कसे निवडावेत

व्यायामशाळेत नियमित जाऊ लागून काही महिने लोटले की अनेकांच्या एक गोष्ट लक्षात येते. खांद्याजवळची आणि मधली छाती भरू लागलेली असते, बाजूने पाहिल्यास उभारही दिसतो, परंतु खालची कड मात्र उमटत नाही आणि छाती कुठे संपली व पोट कुठे सुरू झाले हे शर्ट काढल्यावरही सांगता येत नाही. अशा वेळी शेजारच्या बेंचवरून मिळणारा सल्ला ठरलेला असतो: ‘डिक्लाइन मार, आपोआप येईल.’ हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. डिक्लाइन बेंच, म्हणजे डोके खालच्या बाजूला येईल असा उतरता बाक, प्रत्येक जिममध्ये धड अवस्थेत असतोच असे नाही, असला तरी प्रत्येकाला तो मानवतो असे नाही, आणि अडचण मुळात स्नायूची आहे की दुसऱ्याच कशाची, हे सल्ला देणाऱ्याने पाहिलेले नसते.

व्यायामाची निवड त्याच्या नावावरून करू नये. त्यात दंड कोणत्या दिशेने जातो, आपल्या खांद्याला तो सोसतो का, आणि पुढचे तीन-चार महिने त्यात वजन वाढवत नेता येईल का, हे तीन प्रश्न विचारावेत. खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांभोवतीच रचलेल्या आहेत.

पायरी १ : मागे पडला आहे तो स्नायूच का, हे तपासावे

खालची छाती ‘दिसत नाही’ याची कारणे अनेक असतात आणि त्यांतले एखादेच व्यायामाच्या निवडीने सुटते. सर्वांत सामान्य कारण चरबीचे आहे. छातीच्या खालच्या कडेवर आणि काखेखाली चरबी सहज साठते, आणि तिच्याखाली स्नायू चांगला वाढला तरी त्याची रेषा झाकलेलीच राहते. ज्या जागेचा व्यायाम करावा त्या जागेची चरबी उतरते, हा समज जिममध्ये अजून पक्का आहे, पण तो खोटा आहे. चरबी सगळ्या अंगाची मिळून उतरते, आणि ती आधी कुठून जावी हे आपल्या हाती नसते. ज्याच्या कमरेचा घेर वाढलेला आहे त्याने पुढचे व्यायाम अवश्य करावेत, मात्र आरशातला बदल त्याला मुख्यतः ताटातून मिळेल हे ध्यानात ठेवावे.

दुसरे कारण याहून वेगळे आहे आणि लाजेपोटी ते बहुधा लपवले जाते. स्तनाग्राच्या बरोबर मागे टणकसर, थोडी दुखरी चकती बोटांना लागत असेल, तर ती चरबी नसून ग्रंथींची वाढ असू शकते. डॉक्टर तिला गायनेकोमास्टिया म्हणतात. वयात येणाऱ्या मुलांमध्ये ती पुष्कळदा होते आणि बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. प्रौढ वयात ती काही औषधांमुळे, संप्रेरकांच्या बिघाडामुळे, आणि ‘कटिंग-बल्किंग’च्या, म्हणजे चरबी उतरवण्याच्या व अंग भरण्याच्या, नावाखाली गुपचूप विकल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांमुळेही होते. कोणत्याही बेंचवरच्या कोणत्याही व्यायामाने ही वाढ जात नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवणे हाच योग्य मार्ग होय. गाठ एकाच बाजूला आणि कठीण असेल किंवा स्तनाग्रातून स्राव येत असेल, तर दाखवण्यात विलंब करू नये.

क्वचित कारण जन्मजात असते. पोलंड सिंड्रोम नावाच्या दुर्मीळ स्थितीत एका बाजूच्या छातीच्या मोठ्या स्नायूचा उरोस्थीकडचा (छातीच्या मधल्या उभ्या हाडाकडचा), म्हणजे मधला व खालचा, भाग जन्मतःच नसतो. दोन्ही बाजूंत ठळक फरक असेल आणि एका बाजूला काखेची पुढची कड हाताला जवळजवळ लागतच नसेल, तर महिनोन्महिने वजने उचलून निराश होण्यापेक्षा एकदा तपासणी करून घेतलेली बरी. उजवा-डावा असा किरकोळ फरक मात्र सगळ्यांनाच असतो, त्याची चिंता करू नये.

हे सर्व वगळल्यावर जे राहते ते नवशिक्यांना ऐकायला आवडत नाही: बहुतेकांची फक्त खालची छाती मागे पडलेली नसते, सगळी छातीच अजून लहान असते. ज्याला कंबर न पाडता, छाती जमिनीजवळ नेत पंधरा पुश-अप सलग काढता येत नाहीत, त्याने विशेष व्यायामांच्या मागे न लागता सपाट बेंच प्रेस (बाकावर पाठीवर झोपून वजन वर रेटणे), पुश-अप आणि पाठीचे व्यायाम यांवर चार-सहा महिने घालवावेत. त्याची खालची कड तेवढ्यानेच बरीच सुधारेल, याचे कारण पुढच्या पायरीत येते.

स्त्रियांच्या बाबतीत हा स्नायू स्तनांच्या मागे असतो. व्यायामाने तो बळकट होतो, स्तनांचा आकार त्याने ठरत नाही. बाकी व्यायामांची निवड स्त्री-पुरुषांना सारखीच लागू पडते.

पायरी २ : तंतूंची दिशा हाताने ओळखावी

छातीचा मोठा स्नायू पंख्यासारखा पसरलेला असतो. वरचे तंतू गळ्याखालच्या आडव्या हाडापासून, म्हणजे हासळीपासून, निघतात. मधले आणि खालचे तंतू उरोस्थी व बरगड्यांच्या कूर्चांपासून निघतात, तर सर्वांत खालची छोटी जुडी पोटाच्या स्नायूंवरील चिवट आवरणापासून सुरू होते. सगळे तंतू एकत्र येऊन दंडाच्या हाडाला वरच्या टोकाजवळ, पुढच्या बाजूने चिकटतात. स्नायूला आखडण्यापलीकडे काही करता येत नाही. त्यामुळे ज्या तंतूंचे मूळ खाली आहे ते आखडताना दंडाला खाली, पुढे आणि आत ओढणार, हे उघड आहे.

हे वाचून सोडून देऊ नये, करून पाहावे. स्वयंपाकघरातल्या ओट्यासमोर उभे राहून डाव्या हाताची चार बोटे उजव्या छातीच्या खालच्या कडेवर, काखेच्या जरा पुढे ठेवावीत. उजवा तळहात ओट्याच्या कडेवर टेकवून, कोपर जवळजवळ सरळ ठेवून, डाव्या कमरेच्या रोखाने खाली आणि आत दाबावा. बोटांखालची कड लगेच टणक होते. आता तोच हात ओट्याच्या पुढे आलेल्या कडेखाली घालून वर रेटावा. खालचा भाग सैल पडतो आणि हासळीखालचा भाग ताठतो. फिजिओथेरपिस्ट या खालच्या तंतूंची ताकद तपासतात तेव्हा तेही दंडाची दिशा विरुद्ध बाजूच्या कमरेच्या हाडाकडेच धरतात.

यातून निवडीचा नियम मिळतो. दंड वरून आणि बाहेरून निघून खाली व आत, विरुद्ध कमरेच्या रोखाने जात असेल आणि त्या वाटेवर वजन विरोध करत असेल, तर तो व्यायाम खालच्या छातीचा. हात नुसते शरीराच्या बाजूने खाली किंवा मागे जात असतील, तर काम पाठीचे रुंद स्नायू आणि दंडामागचे ट्रायसेप्स करू लागतात.

मात्र या नियमाचा अर्थ ताणू नये. स्नायूचा एकच भाग पूर्णपणे वेगळा काढून वाढवता येत नाही, फक्त भार थोडा इकडे किंवा तिकडे झुकवता येतो. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्नायूंतील विद्युत्-हालचाल मोजली असता, चढत्या बेंचपेक्षा उतरत्या बेंचवर खालचे तंतू अधिक काम करताना आढळले. ही तुलना इन्क्लाइन आणि डिक्लाइन यांची होती. सपाट बेंचच्या तुलनेत डिक्लाइनचा फायदा इतका मोठा नसतो, आणि जे लोक सपाट बेंचवर पाठीला नैसर्गिक कमान देऊन, छाती वर काढून प्रेस करतात, त्यांच्या धडाला थोडा उतार मिळालेलाच असतो. केवळ सपाट प्रेसवर खालची छाती उत्तम भरलेली माणसे दिसतात ती यामुळे. उलट ज्याने वर्षभर फक्त इन्क्लाइनच केले आहे, त्याची खालची छाती मागे पडणे स्वाभाविक आहे. आपण आजवर नेमके काय केले, हे त्यामुळे आधी आठवावे.

पायरी ३ : एक जड, मुख्य व्यायाम निवडावा

एकच निवडावा. डिप्स (दोन समांतर दांड्यांवर हात टेकवून शरीर खाली-वर नेणे), डिक्लाइन बारबेल आणि डिक्लाइन डंबेल हे तिन्ही एकाच दिवशी करणारे लोक प्रत्येक जिममध्ये दिसतात. तिन्ही हालचाली जवळपास त्याच, त्यामुळे तिसऱ्या व्यायामापर्यंत त्यांच्यात जोर उरलेला नसतो.

*डबल बारवरचे डिप्स.* खांदा निरोगी असेल तर माझी पहिली पसंती यालाच आहे. जुन्या व्यायामशाळांतही डबल बार असतो, त्याला खर्च नाही, रांग नाही, आणि शरीराचेच वजन असल्याने सुरुवातीपासून भार भरपूर मिळतो. परंतु डिप्स छातीचे करावयाचे की ट्रायसेप्सचे, हे धड कसे धरले आहे त्यावर ठरते. धड सरळ उभे आणि कोपरे अंगालगत असतील, तर काम दंडामागे जाते. छातीसाठी हनुवटी किंचित खाली घ्यावी, धड पुढे झुकवावे, गुडघे वाकवून पाय मागे न्यावेत आणि कोपरे थोडी बाहेर उघडू द्यावीत. खाली जाताना दोन-तीन सेकंद घ्यावेत, दंड जमिनीला साधारण समांतर झाला की थांबावे, आणि झोका न घेता वर यावे. त्याहून खाली गेल्यास छातीला थोडा अधिक ताण मिळेलही, पण त्याची किंमत खांद्याचा पुढचा भाग देतो. बार खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडेच रुंद असावेत, कारण फार रुंद बारवर खांदा अवघडतो.

ज्याला एकही डिप निघत नाही, त्याने घाई करू नये. आधी दोन्ही हात सरळ करून, खांदे कानांपासून दूर ठेवून वरच वीस-तीस सेकंद टिकावे. ते जमले की स्टुलावरून वर चढून फक्त खाली येण्याचा भाग तीन ते पाच सेकंदांत करावा आणि पुन्हा स्टुलावरून वर जावे. अशी पाच-सहा उतरणी तीन सेटमध्ये, म्हणजे मध्ये विश्रांती घेत तीन फेऱ्यांत, जमू लागली की पहिला पूर्ण डिप दूर नसतो. जिममध्ये आधार देणारे यंत्र असेल तर ते वापरण्यात कमीपणा मानू नये. पुढे तीन सेटमध्ये प्रत्येकी बारा डिप्स सहज निघू लागले, की कमरेच्या पट्ट्याला प्लेट अडकवावी किंवा पाठीवर सॅक घ्यावी.

दोन इशारे द्यायला हवेत. बेंचवर मागे हात टेकवून केलेले डिप्स हा याचा सोपा पर्याय नव्हे, त्यात हात शरीराच्या मागे जातात, छातीला काम कमी आणि खांद्याला ताण जास्त मिळतो. दुसरे, डिप्स करताना काहींना उरोस्थीच्या मध्यभागी, बरगड्यांच्या सांध्यांशी टोचल्यासारखे दुखते. ते दुखणे सोसत व्यायाम पुढे रेटू नये, काही आठवडे डिप्स बंद ठेवून दुसऱ्या पर्यायाकडे वळावे.

*डिक्लाइन प्रेस.* खांद्याला डिप्स मानवत नसतील, किंवा वजन किलो-किलोने मोजून वाढवणे ज्याला आवडते, त्याच्यासाठी हा उत्तम आहे. 1992 ते 1997 अशी सलग सहा वर्षे मिस्टर ऑलिंपिया ही शरीरसौष्ठव स्पर्धा जिंकणारे इंग्लंडचे डोरियन येट्स सपाट बेंचपेक्षा डिक्लाइनला पसंती देत, हे त्या वर्तुळात सर्वश्रुत आहे. सोमवारी संध्याकाळी सपाट बेंचभोवती चौघे-पाचजण आपापल्या पाळीची वाट पाहत असताना डिक्लाइन बेंचवर बहुधा कोणाची तरी बॅग आणि पाण्याची बाटली पडलेली असते, ही त्याची आणखी एक सोय.

उतार 15 ते 30 अंश पुरे. याहून तीव्र उतारावर डोक्यात रक्त उतरल्यासारखे वाटते आणि फायदा वाढत नाही. पाय पट्टीखाली पक्के अडकवावेत, खांद्यामागची पाती मागे व खाली खेचून बेंचला चिकटवावीत, आणि बार स्तनाग्रांच्या किंचित खाली, छातीच्या खालच्या भागावर आणावा. कोपरे धडाशी साधारण 45 ते 60 अंशांत राहू द्यावीत. या स्थितीत बारचा प्रवास सपाट बेंचपेक्षा कमी असतो, त्यामुळे अधिक वजन उचलले जाते, आणि मोह नेमका इथेच होतो. छातीला बार न लावता वरच्या वर अर्धी आवर्तने (खाली-वर अशी एकेक हालचाल) काढून वजनाचा आकडा मिरवणे म्हणजे ज्या भागासाठी व्यायाम निवडला त्यालाच त्यातून वगळणे.

सुरक्षिततेचा मुद्दा इथे नेहमीपेक्षा गंभीर आहे. डोके खाली असल्यामुळे बार सुटला तर तो गळ्याच्या दिशेने घरंगळू शकतो. म्हणून अंगठा नेहमी बारभोवती गुंडाळलेला असावा, बार काढून देण्यास आणि परत ठेवण्यास साथीदार असावा, आणि तो मिळत नसेल तर हा व्यायाम स्मिथ मशीनवर, म्हणजे बार उभ्या रुळांत बसवलेल्या यंत्रावर, अडकणीचे हूक तपासून करावा. डंबेल्स घेऊन उतारावर मागे झोपणे नवशिक्याला अवघड जाते, तेही साथीदाराने हातात द्यावेत. सेट संपल्यावर झटक्याने उठू नये. उच्च रक्तदाब नियंत्रणात नसणे, काचबिंदू, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया, गर्भारपण, किंवा झोपताच घशाशी येणारे आम्लपित्त यांपैकी काही असेल, तर डोके खाली करावयाचे व्यायाम टाळून डिप्स किंवा बसून करावयाचा प्रेस निवडावा. भरल्या पोटी तर कोणीच करू नये.

*बसून करावयाचे चेस्ट प्रेस यंत्र.* हे यंत्र असेल तर आसन नेहमीपेक्षा एक-दोन खाचा वर घ्यावे, म्हणजे मुठी छातीच्या खालच्या रेषेला येतात आणि रेटण्याची दिशा किंचित खाली झुकते. ज्यांना तोल, साथीदार आणि पडण्याची भीती या तिन्हींपासून सुटका हवी, त्यांनी पहिले दोन महिने खुशाल यावरच काढावेत.

पायरी ४ : जोडीला एक हलका व्यायाम घ्यावा

प्रेस आणि डिप्समध्ये दोन अडचणी राहतात. ट्रायसेप्स आधी थकले तर छातीचे काम अर्धवट राहते, आणि हात शेवटी जवळ येत नसल्याने ‘आत ओढण्याचा’ भाग कमी पडतो. ही उणीव केबल भरून काढते. क्रॉसओव्हरच्या, म्हणजे दोन बाजूंनी केबल ओढण्याच्या यंत्राच्या, दोन्ही कप्प्या डोक्याच्या थोड्या वर लावाव्यात, मुठी धरून एक पाऊल पुढे यावे, धड किंचित झुकवावे, कोपरांचा हलका वाक सेटभर तसाच ठेवावा आणि हात वरून-बाहेरून खाली-आत आणत बेंबीसमोर एकत्र करावेत. तिथे क्षणभर थांबून, दोन-तीन सेकंदांत परत जाताना छाती ताणली जाऊ द्यावी.

नवशिक्यांचे केबलवरचे वजन जवळजवळ नेहमीच जास्त असते. त्याची खूण सोपी आहे: धड प्रत्येक आवर्तनाला पुढे-मागे डुलत असेल, खांदे कानांकडे चढत असतील, किंवा हात मांड्यांच्या बाजूला जाऊन थांबत असतील, तर पिन एक-दोन खाचा वर सरकवावी. इथे 12 ते 20 आवर्तने योग्य.

केबल नसेल तर रबरी पट्टा खिडकीच्या भक्कम गजाला वरच्या बाजूस अडकवून हीच हालचाल एका-एका हाताने करता येते. पट्ट्याला चीर गेलेली नाही ना, हे दर वेळी पाहावे, कारण तुटलेला पट्टा थेट तोंडावर येतो.

साधने नसतील तर

घरी किंवा तालमीत व्यायाम करणाऱ्याने निराश होण्याचे कारण नाही. हात पलंगाच्या कडेवर, पायरीवर किंवा भक्कम बाकावर ठेवून केलेल्या पुश-अपमध्ये दंडाची दिशा खालच्या छातीला अनुकूल असते. हात उंचावर ठेवले की भार खालच्या भागाकडे झुकतो, पाय उंचावर ठेवले की वरच्या. अडचण अशी की हात उंचावर ठेवल्याने व्यायाम सोपाही होतो, म्हणून वीस सहज निघू लागले की पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घ्यावी.

आपल्या तालमीतले जोर यासाठी मला कमी लेखलेले वाटतात. कंबर वर असलेल्या स्थितीपासून छाती जमिनीलगत पुढे सरकवत वर येताना दंड डोक्याच्या रेषेतून निघून कमरेकडे येतो, म्हणजे खालच्या तंतूंची वाटच चालतो. वजन वाढवण्याची सोय नसल्याने एका मर्यादेनंतर जोर दमसासाचा व्यायाम बनतात, हे खरे. परंतु पहिल्या वर्षात, संथ गतीने आणि खाली छाती खरोखर घासत काढलेले जोर पुष्कळ देऊन जातात.

घरात डंबेल्स असतील तर जमिनीवर पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर वर उचललेल्या स्थितीत प्रेस करावा. धडाला आपोआप उतार मिळतो. बेंचच्या पायथ्याशी विटा किंवा प्लेट्स रचून उतार तयार करण्याचा उद्योग मात्र करू नये, बेंच घसरतो.

पायरी ५ : आठवड्यात बसवावे

छातीला आठवड्यातून दोनदा व्यायाम द्यावा आणि दोन दिवसांत मिळून दहा ते बारा सेट ठेवावेत. त्यांतले निम्मे खालच्या भागाकडे झुकणारे असले म्हणजे झाले. सोमवारी सुरुवातीलाच, ताजेतवाने असताना, निवडलेला मुख्य व्यायाम 6 ते 10 आवर्तनांचे तीन सेट करावा, मग सपाट डंबेल प्रेसचे दोन सेट आणि शेवटी केबलचे दोन. गुरुवारी इन्क्लाइन प्रेसचे दोन सेट आणि मुख्य व्यायामाचे तीन सेट, या वेळी थोड्या कमी वजनाने 10 ते 12 आवर्तनांचे. जो भाग मागे आहे त्याचा व्यायाम आधी, हे तत्त्व सोमवारी पाळले की पुरे. जड सेटनंतर दोन ते तीन मिनिटे, केबलनंतर एक-दीड मिनिट विश्रांती घ्यावी. प्रत्येक सेट ‘अजून एक किंवा दोनच निघतील’ अशा टप्प्यावर थांबवावा.

इन्क्लाइन पूर्ण सोडू नये, नाहीतर वर्षभराने तक्रार उलटी होते. पाठीचे ओढण्याचे व्यायाम छातीइतकेच करावेत. केवळ छाती करणाऱ्याचे खांदे पुढे ओढले जातात, आणि पुढे झुकलेल्या खांद्यांत खालची कड आणखीच लपते.

आहाराविषयी थोडक्यात. स्नायू वाढवणाऱ्या निरोगी व्यक्तीला शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे 70 किलोच्या माणसाला सुमारे 112 ग्रॅम. वरण-भात-पोळीच्या ताटात एवढे सहसा भरत नाही. अंड्यात साधारण 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, 100 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत 50 हून अधिक ग्रॅम मिळतात, असा हिशेब मांडून भर घालावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

पायरी ६ : वजन वाढवत न्यावे, आणि मग निकाल पाहावा

वही ठेवावी. तारीख, वजन, प्रत्येक सेटची आवर्तने, एवढेच लिहावे. तिन्ही सेटमध्ये ठरलेल्या कमाल संख्येपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, पोहोचलो की पुढच्या वेळी वजन वाढवावे. आवर्तने सहा-सातवर घसरतील, ती पुन्हा दहापर्यंत न्यावीत. इथे एक व्यावहारिक खोडा असतो: बऱ्याच जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते, म्हणजे दोन्ही बाजूंना लावून थेट पाच किलोंची उडी. 40 किलोंवर असलेल्याला ती साडेबारा टक्क्यांची पडते आणि तो तिथेच महिनोन्महिने अडकतो. सव्वा किलोच्या दोन प्लेट्स स्वतःच्या विकत घेऊन बॅगेत ठेवाव्यात, विकत घेतलेल्या कोणत्याही पावडरीपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो. आपल्या जिममधला बार किती किलोचा आहे, हेही एकदा वजनकाट्यावर पाहावे. ऑलिंपिक बार 20 किलोंचा असतो, साधे रॉड त्याहून हलके आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. जिम बदलल्यावर ‘ताकद कमी झाली’ असे वाटण्यामागे कधीकधी एवढेच कारण असते.

महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, दिवसाच्या त्याच वेळी, समोरून आणि बाजूने छायाचित्र घ्यावे. बाजूचा प्रकाश नसेल तर खालची कड फोटोत येतच नाही आणि मन विनाकारण खट्टू होते. रोज आरशात शोधू नये.

निवडलेले व्यायाम किमान दहा-बारा आठवडे बदलू नयेत. त्यानंतर वही आणि फोटो समोर ठेवून पाहावे. वजने वाढली आणि कडही दिसू लागली, तर काहीही न बदलता तेच चालू ठेवावे. वजने वाढली पण कड दिसत नाही, तर पहिल्या पायरीतल्या चरबीच्या मुद्द्याकडे परत जावे आणि पोटाचा घेर टेपने मोजावा. वजनेच वाढली नसतील, तर झोप, जेवण आणि चुकलेले दिवस आधी मोजावेत, आणि ते नीट असतील तर आठवड्याला दोन सेट वाढवून पाहावेत. खांद्याच्या पुढच्या भागात दुखणे सुरू झाले असेल, तरच मुख्य व्यायाम बदलावा: डिप्स करणाऱ्याने डिक्लाइन किंवा यंत्राकडे यावे, डिक्लाइन बारबेलवाल्याने डंबेल्सकडे, कारण त्यात मनगट आणि कोपर आपापली सोयीची वाट शोधू शकतात. दोन आठवडे वजन कमी करूनही दुखणे राहिले, रात्री त्या कुशीवर झोपता येईनासे झाले, किंवा उचलताना काखेजवळ काही तुटल्याचा आवाज येऊन तिथे काळेनिळे पडले, तर व्यायाम त्याच क्षणी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. छातीच्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट भाग, फाटला असल्यास शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर झालेला चांगला असतो.